सूत्रं पाठ आहेत, पण गणित सुटत नाही?

अकरावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशनची (मांडणी आणि निवड किती प्रकारे होते ते मोजायची) सगळी सूत्रं पाठ झाली, तरी ऑलिंपियाडचं गणित समोर आलं की कुठलं लावायचं तेच कळत नाही. मग आणखी थिअरी वाचू की गणितं सोडवू, असं विचारलं आहेस. गणितंच सोडव. फक्त उत्तर जुळलं की लगेच पुढचं गणित, असं करू नकोस.

हे बघ. ५ पुरुष, ४ स्त्रिया. ४ जणांची समिती करायची, किमान एक स्त्री हवी. पहिल्यांदा बहुतेकांना सुचतं ते असं: एक स्त्री ४ प्रकारे निवडली, उरलेल्या ८ जणांतून कोणतेही ३ निवडायचे ५६ प्रकार, गुणाकार २२४. पण ९ जणांतून ४ जणांच्या एकूण समित्याच १२६ होतात! त्यातल्या नुसत्या पुरुषांच्या ५ वजा केल्या की उत्तर १२१.

इथे वही मिटू नकोस. २२४ आले कुठून ते शोध. दोन स्त्रिया असलेली समिती दोनदा मोजली गेली, तिघी असलेली तीनदा, चौघींची चारदा. एकच स्त्री असलेल्या समित्या ४०, दोघींच्या ६०, तिघींच्या २०, चौघींची १. म्हणून ४० + २×६० + ३×२० + ४×१, बरोबर २२४. म्हणजे 'समिती निवडा आणि तिच्यातल्या एका स्त्रीला अध्यक्ष करा' या प्रश्नाचं २२४ हे अचूक उत्तर आहे. एकच गोष्ट दोन बाजूंनी मोजायची ही युक्ती आरएमओच्या (प्रादेशिक गणित ऑलिंपियाडच्या) तयारीत पुन्हा पुन्हा लागते. ती सूत्र घोकून नाही येत, असं खणूनच येते.

आणि हाताने यादी लिहायचा कंटाळा करू नकोस. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) अंकपाशाच्या, म्हणजे अंकांच्या मांडण्या मोजायच्या प्रकरणात २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतात आणि त्यांची बेरीज किती, असं विचारलं आहे. ११२२, १२१२, १२२१, २११२, २१२१, २२११. कुठल्याही संख्येत १ च्या जागी २ आणि २ च्या जागी १ घातला की यादीतलीच दुसरी संख्या मिळते, आणि त्या दोघींची बेरीज दरवेळी ३३३३. जोड्या तीन, म्हणून ९९९९. किती सुंदर आहे हे! नुसत्या सूत्रात ही जोडी दिसली नसती.

जनरेटिंग फंक्शन (मोजणीची उत्तरं एका मालिकेच्या सहगुणकांत मांडायची पद्धत) सध्या बाजूला ठेव. आधी कबुतरखान्याचं तत्त्व (खणांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका खणात किमान दोन येणारच) आणि रिकर्शन (आधीच्या उत्तरांवरून पुढचं काढणं) यांवरची गणितं घे. त्याआधी 'लीलावती'तलंच ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं तसंच उदाहरण कर. संख्या २० येतात, पण ४ आणि ८ ची अदलाबदल केली तर जोड्यांची बेरीज सारखी येत नाही. एकेका स्थानावर कुठला अंक किती वेळा येतो ते मोज, बेरीज ११९९९८८ आली पाहिजे.