कोकणाशी नातं असलेल्या कोणत्या व्यक्तींचं लोकांसाठी केलेलं काम त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेतून उभं राहिलं? शाळेच्या प्रदर्शनासाठी सहा फलक करायचे आहेत.

निवड करताना मी एकच कसोटी लावेन. या माणसाने श्रद्धेपायी नेमकं काय सोडलं किंवा काय पत्करलं, हे साल आणि ठिकाणासह सांगता येतं का? सांगता येत असेल तर त्या नावाचा फलक करा. 'ख्रिस्ती होते आणि समाजसेवाही केली' एवढंच हाती लागत असेल तर ते नाव गाळा. तुमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली आहे, म्हणून सुरुवात घरच्याच माणसांपासून करतो.

पहिला फलक रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचा, दोघांचा मिळून एक. नारायणरावांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, आणि पुढे स्वतःच्या निर्णयाने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही वर्षं फलकावरून गाळू नका, दोघांनी काय किंमत मोजली ते त्यांतूनच कळतं. टिळकांचं मोठं काम असं की मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग, ओवी आणि कीर्तन त्यांनी हक्काने आणलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. लहानपणी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने हे केलं, हे मुलांना जरूर सांगा. या फलकावर हमखास होणारी चूक म्हणजे छायाचित्राची. नेटवर 'टिळक' शोधलं की लोकमान्य येतात. तेही रत्नागिरीचेच, त्यामुळे गोंधळ वाढतो.

दुसरा फलक पंडिता रमाबाईंचा. त्यांचं काम जिथे वाढलं ते केडगाव दौंड तालुक्यात, म्हणजे घाटावर, म्हणून कोकणाच्या यादीतून त्यांना वगळलं जातं. तसं करू नका. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, देवरुखची. १८९३ मध्ये याच गोदूबाईंशी दापोलीजवळच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला आणि मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. कर्वे काही ख्रिस्ती नव्हते. पण रमाबाईंनी उघडलेल्या दारातून कोकणातली एक मुलगी शिकून बाहेर पडली आणि पुढे पुण्याजवळ हिंगण्याला कर्व्यांनी विधवांसाठी उभारलेल्या आश्रमाच्या कामात उभी राहिली, हा धागा नकाशावर देवरुख, मुंबई, पुणे, मुरुड असा बाण काढून दाखवला की मुलांना लगेच कळतो.

याच फलकावर १८९३ चा वादही लिहावा लागेल. रमाबाई सदनातच प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातले लोक यावरून बाहेर पडले. आपण कुणाला बोलावत नाही, पण स्वतःची प्रार्थना दार लावून करणार नाही, ही रमाबाईंची भूमिका. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या आहेत, ही सल्लागारांची. दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळी द्या. हा भाग लपवला तर पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी तो काढणारच, आणि मग सगळ्या प्रदर्शनावरचा विश्वास जातो. शेवटी १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आणलेल्या मुली, त्यांच्यासाठी केडगावात उभारलेली शेती, विणकाम आणि छापखाना, आणि हिब्रू व ग्रीक शिकून केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं.

तिसरे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातला हा जेज्वीट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्याने उरलेलं आयुष्य तिथेच काढलं. त्याचं 'क्रिस्तपुराण' म्हणजे सुमारे ११,००० ओव्या, १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, तो साष्टीत राहिला म्हणून त्याला ठाणे-वसईकडे नेऊन बसवतात. ही साष्टी गोव्यातली, आजच्या मडगावच्या परिसरातली. दुसरी, ग्रंथ मराठी म्हणून फलकावर देवनागरी पान छापतात. पहिली छपाई रोमन लिपीत होती, कारण रायतूरला मराठी अक्षरांचे खिळेच नव्हते. मराठीची थोरवी गाणारी त्याची ओवी सगळ्यांना पाठ असते, पण फक्त तीच लावली तर तो भाषेचा स्तुतिपाठक एवढाच उरतो. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती. त्यांच्या कानाला ओळखीच्या छंदात काहीतरी द्यायला हवं, ही त्याची तळमळ होती. आणि ती पुराणं बंद कुणी केली, हेही लिहा. त्याच साष्टीत पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली गेली आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीचा उठाव झाला. स्टीफन्स त्याच व्यवस्थेत राहून काम करत होता.

चौथे संत जोसेफ वाझ, जन्म २१ एप्रिल १६५१, गोव्यातलं बाणावली. डच राजवटीत श्रीलंकेतल्या कॅथलिकांना धर्मगुरूच उरला नव्हता, म्हणून १६८७ मध्ये हे वेष पालटून तिथे पोहोचले. कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ च्या देवीच्या साथीत लोक घरचे आजारी रानात सोडून पळत होते, तेव्हा याच माणसाने त्यांना निवारा दिला, धुतलं-पुसलं आणि मेलेल्यांना मूठमाती दिली. माझ्या मते सहाही फलकांत कसोटीला सर्वांत चोख उतरणारा हा. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच ते वारले. संतपद २०१५ मध्ये मिळालं.

पाचवा फलक हर्णै-बाणकोटचा. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल बाणकोटला आला आणि त्याच वर्षी वारला. १८२९ मध्ये आलेल्या जॉन आणि मार्गारेट विल्सन यांनी मराठीचे धडे हर्णैला गिरवले, मग मुंबईत जाऊन मुलींच्या शाळा काढल्या. मार्गारेट १८३५ मध्येच गेल्या. विल्सन कॉलेज म्हटलं की फक्त जॉन आठवतात, तेव्हा मार्गारेट यांचं नाव तितक्याच मोठ्या अक्षरात घाला.

सहावे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. आधी व्यापारी, मग मनिलात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे ब्रदर, जपानी येत असल्याने दुभाषे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्यांतले एक.

काका बॅप्टिस्टांचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार पुढारी, मुंबईचे महापौर, श्रद्धाळू कॅथलिक, माणूस मोठाच. पण त्यांच्या कामाची उभारणी कायदा आणि राजकारण यांवर दाखवणं सोपं जातं, श्रद्धेवर दाखवताना ओढाताण होते. त्यांना स्वातंत्र्यलढ्याच्या प्रदर्शनात न्याय मिळेल.

फलक दोन बाय तीन फुटांचा असेल तर मजकूर १२० शब्दांच्या वर नेऊ नका. मुलं उभ्याने वाचतात, त्यापुढचं कुणी वाचत नाही. सर्वांत वर निर्णयाची ओळ, साल आणि गाव. मधे किंमत काय मोजली ते. खाली त्यातून उभं राहिलेलं काम. धर्मांतराच्या कहाणीला एक तृतीयांशाहून जास्त जागा दिली की कामाला जागा उरत नाही. बहुतेक फलक इथेच फसतात. सालं दोन वेगळ्या पुस्तकांतून ताडून घ्या आणि मजकूर छापायला देण्याआधी एकदा मराठीच्या आणि एकदा इतिहासाच्या शिक्षकांकडून तपासून घ्या.