नेट १०० चं आहे, मग घरातल्या घरात फाइल रांगत का जाते?

तुमची अडचण मला कळली ती अशी: हॉलमधल्या लॅपटॉपवरून बेडरूममधल्या डेस्कटॉपवर लग्नाच्या शूटिंगचे ४० जीबी पाठवायचेत. दोन्ही मशीन वायफायवर आहेत, कॉपीचा स्पीड सेकंदाला अडीच एमबीच्या वर जात नाही आणि प्लॅन तर १०० एमबीपीएसचा घेतलाय. आता कंपनीकडे तक्रार करायची की नवा राउटर आणायचा?

आज तरी दोन्ही नको. घरातल्या घरात फाइल जाते तेव्हा ती इंटरनेटवर जातच नाही. लॅपटॉप ते राउटर, राउटर ते डेस्कटॉप, एवढाच तिचा प्रवास. नेट गेलेलं असेल त्या दिवशी कॉपी करून बघा, त्याच स्पीडने जाईल. त्यामुळे प्लॅन ३०० चा केलात तरी इथे काडीचा फरक पडणार नाही. शिवाय प्लॅन सांगतात सेकंदाला मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) आणि विंडोज कॉपीचा स्पीड दाखवतं मेगाबाइटमध्ये (एमबी). ८ बिटचा एक बाइट, म्हणजे तुमचे १०० हे मुळात साडेबारा एमबीच.

आता त्या अडीचचा हिशोब. हा आकडा माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. एकच अँटेना वापरणारं साधं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर सहसा जास्तीत जास्त ७२ एमबीपीएसला जोडलं जातं. हा झाला कागदावरचा आकडा. वायफायवर एका चॅनेलवर (पट्ट्यातल्या एका लेनवर म्हणा) एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि वर माल मिळाल्याची पोचही त्याच हवेतून द्यायची. या सगळ्यात जवळपास निम्मा वेळ जातो. हातात उरतात ४० एमबीपीएसच्या आसपास, म्हणजे ५ एमबी. त्यात तुमची फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. पुन्हा निम्मे. झाले अडीच! राउटर बिचारा चोख काम करतोय.

माझ्याकडे हेच झालं होतं, तेव्हा मी दोन संध्याकाळी राउटरच्या अँटेना इकडे-तिकडे वळवण्यात घालवल्या. टीव्हीच्या मागून काढून तो कपाटावर ठेवला. रेंजच्या काड्या वाढल्या, कॉपी तशीच. मग डेस्कटॉपला केबल लावली. एकच टोक वायरवर आलं आणि स्पीड बरोबर दुप्पट झाला, कारण आता हवेतली एकच फेरी उरली होती. त्यानंतर लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला. (राउटरच्या दोन नावांपैकी शेवटी ५जी लिहिलेलं असतं ते. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही, पण आमच्या घरी यावरून अर्धा तास वाद झालाय.) स्पीड ११ वर गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

हा ११ लक्षात ठेवा. वायफायचा स्पीड हलत राहतो, खाली-वर होतो. तो ११-१२ वर सरळ रेषेत अडकला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची वायर किंवा पोर्ट आहे असं समजायचं. राउटरची पोर्ट गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची होती, म्हणून मी केबल नीट तपासली. ती बेडरूमच्या दाराखालून टाकली होती आणि दाराने ती रोज चेपली जात होती. टोकाची प्लास्टिकची क्लिप उजेडात धरून बघितली, तर तपकिरी जोडीतली एक तार तुटून मागे सरकलेली. १०० एमबीपीएसला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. उरलेल्या चारांतली एक तुटली तरी कनेक्शन सहसा बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर उतरतं. म्हणूनच इतके दिवस कुणाला पत्ता लागला नव्हता. दुकानातून नवी क्लिप क्रिंप करून (तारांवर दाबून बसवून) आणली आणि कॉपी ५० च्या वर गेली.

तुम्ही आधी एवढंच बघा: विंडोज ११ असेल तर सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे 'नेटवर्क बँड' आणि 'लिंक स्पीड' लिहिलेलं असतं. दोन्ही मशीनवर बघा. एकही २.४ वर असेल तर त्याला ५ वर न्या. ५ गिगाहर्ट्झ भिंतींना दबकतं, त्यामुळे दोन भिंतींपलीकडे जोर कमी होईल, पण सोसायटीतल्या गर्दीतून तरी सुटाल. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्ख्या बिल्डिंगचे राउटर. भरीला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात.

आजच्या आज काम उरकायचं असेल तर वायफाय सोडा. दोन्ही मशीनना गिगाबिटचं पोर्ट असेल तर मध्ये सरळ एक केबल लावा. हल्ली त्यासाठी वेगळी क्रॉस केबल (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) लागत नाही. आता जे काम साडेचार तास घेतंय, ते दोन्हीकडे एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) असेल तर सहा-सात मिनिटांत होईल. जुनी हार्ड डिस्क असेल तर तीच अडवेल, तरी पंधरा-वीस मिनिटांत उरकावं. पेन ड्राइव्ह वापरणार असाल तर ती एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना ते बघून घ्या, तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

आणि शूटिंगसोबत हजारो फोटोही असतील तर त्यांचं आधी एक झिप करून घ्या. आकार फारसा कमी होणार नाही, जेपीजी आधीच दाबलेले असतात. पण प्रत्येक फाइलसाठी उघड-बंद करण्यात जो वेळ जातो तो वाचेल.