तुझ्या ओघळलेल्या वाडग्याबद्दल

अगं, फोटो बघितला. राखेचं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, ओघळून वाडगा भट्टीतल्या शेल्फला चिकटला म्हणून तू एवढी खचलीयेस, पण मला आधी दिसला तो काठाखालचा हिरवट भाग, जिथं ग्लेझ बारीक बारीक धारांनी उतरलंय. तसं यायला माझी दोन वर्षं गेली होती, खरं सांगते.

रेसिपी नेटवरची होती, वजन बरोबर केलं होतं, तरी असं का, असं विचारलंयस. रेसिपीत नुसतं 'लाकडाची राख' लिहिलेलं असतं ना, पण कुठलं झाड, धुतलेली की तशीच, हे कोण सांगणार? लाकडाच्या राखेत चुना भरपूर आणि थोडा पोटॅश, तेच १२५० डिग्रीच्या आसपास सिलिकाला, म्हणजे वाळूतल्या काच बनवणाऱ्या घटकाला, वितळवतं, म्हणून ग्लेझ ओघळतं. भाताच्या तुसाची राख अगदी उलट, जवळपास सगळी सिलिकाच, एकटी वितळतच नाही, पण फेल्डस्पार (दगडाची पूड) आणि लाकडाच्या राखेबरोबर घातली की दुधाळ पांढरं ग्लेझ येतं. जपानी लोक त्याला नुका म्हणतात, जपानातल्या माशिको गावी हामादा शोजी हे कुंभार ते वापरायचे. आपल्या कोकणात भाताच्या गिरणीमागं तूस पडलेलं असतं, एक पोतं आणून जाळून बघच.

हामादा आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी १९२० मध्ये इंग्लंडात सेंट आयव्ह्जला स्टुडिओ काढला, तिथं शिकलेल्या कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी नंतर आपल्या घरच्या इस्टेटीतल्या झाडाझुडपांची राख एकेक करून वापरून बघायच्या आणि सगळं नीट लिहून ठेवायच्या. मला त्यांचं हे लिहून ठेवणंच फार आवडतं. मी नव्हतं लिहिलं. आंब्याची राख आणि कुठल्याशा बेकरीतली राख एकाच ड्रममध्ये ओतली, एक भट्टी अप्रतिम निघाली, मग पुढच्या तीन गेल्या आणि पहिल्यासारखं काही परत जमलंच नाही, अजून चुटपुट आहे.

आता असं कर. एकाच झाडाची राख घे, रंग लावलेलं लाकूड किंवा प्लायवूड अजिबात नको. पाण्यात भिजव, वर तरंगणारा कोळसा काढ, ८० नंबरच्या चाळणीतून गाळ, आणि ग्लोव्हज घाल गं, त्या पाण्यानं हात सोलतात. सुरुवात राख २, फेल्डस्पार २, माती १ अशी कर, मग राख थोडी थोडी कमी-जास्त करत ग्लेझ तपासायच्या छोट्या मातीच्या टाइल्स काढ. टाइल्स उभ्या ठेव, आडव्यावर ओघळ कळत नाही. वाडग्याच्या बुडाला बोटभर जागा ग्लेझ न लावता सोड.

आणि टाइलमागचा नंबर आयर्न ऑक्साइडनं लिही, पेन्सिलचा जळून जातो. झाल्या की फोटो नको पाठवूस, टाइल्सच घेऊन ये, आणि तो चिकटलेला वाडगा पण, छिन्नीनं आपण दोघी मिळून सोडवू.