ब्रदर अशी हाक येईल, तिला ओ दे

«मावशी, मी डिचोली तालुक्यातला, बारावी सायन्सला आहे. गेल्या पावसात आजोबा बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, 11 दिवस होते, त्यांच्याजवळ मीच राहिलो. रात्री ते किती पाणी प्यायले, युरिन बॅगेत किती जमलं, ते मोबाइलच्या उजेडात वहीत लिहायचो. सकाळी सिस्टर ती वही मागून घ्यायच्या. तेव्हापासून नर्सिंग करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, ते बायकांचं काम. मित्र आत्तापासूनच 'सिस्टर' म्हणून चिडवतात. आई म्हणते, आजोबांच्या मायेपोटी बोलतोयस, चार महिन्यांत उतरेल. आईचं खरं असेल का?»

बाळा,

माया उतरते, हे आईचं बरोबर आहे. मी नर्स म्हणून 34 वर्षं वॉर्डात काढली. तिसाव्या खाटेपाशी पोचेपर्यंत पाय इतके दुखतात की मायेच्या जोरावर कुणी उभं राहू शकत नाही. पण मी तुझ्या मायेवर नाही, तुझ्या वहीवर अडले. ती लिहायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हा हिशेब ठेवणं म्हणजे निम्मं नर्सिंग. शिकवूनही कित्येकांच्या हातात ते बसत नाही.

पहिल्या वर्षाला आमच्या ट्यूटरनी शिकवलं होतं, श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो श्वास बदलतो. म्हणून नाडी बघत असल्यासारखं मनगट धरून ठेवायचं आणि नजर छातीवर, पूर्ण एक मिनिट. एका रात्री एक आजोबा "बरा आहे गे बाये" म्हणून कूस वळले. मनगट सोडलं नाही, मोजले तर 34. मोठ्या माणसाचे 12 ते 20 असायला हवेत. डॉक्टरांना तिथूनच हाक मारली. सकाळपर्यंत थांबलो असतो तर उशीर झाला असता. तो एक मिनिट रोज, प्रत्येक खाटेपाशी, कुणी बघत नसतानाही द्यायची तुझी तयारी आहे का, एवढंच स्वतःला विचार. मला वाटतं, आहे.

आता बाबांचं. पुरुष वॉर्डात एक म्हातारे शेतकरी लघवी तुंबून तळमळत होते, पण आम्हा बायकांना हात लावू देईनात. कॅज्युअल्टीतून ब्रदर आले. पुरुष नर्सला हॉस्पिटलात सगळे ब्रदरच म्हणतात. त्यांनी पडदा ओढला, कानाशी दोन शब्द बोलले आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला. बॅगेत 900 मिली आलं. म्हातारा रडला, ब्रदरांचा हात सोडेना. तुझे आजोबाही अशा कामाला लाजलेच असतील ना? बाबांना हे सांग. मित्रांना काही सांगू नकोस.

बाबांची खरी काळजी पोटाची असावी. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आपल्या भागात खाणीवरचे किती ट्रक कामाविना अंगणात उभे राहिले, हे त्यांच्या पिढीनं पाहिलंय. म्हणून गोड बोलून फसवत नाही. खासगी हॉस्पिटलात सुरुवातीचा पगार कामाच्या मानानं कमी असतो, नाइट ड्युटी चुकत नाही आणि गणेश चवथीच्या दिवशीही वॉर्ड उघडाच असतो. सरकारी भरतीत जागांसाठी चुरस असते. एम्सनं तर 2019 मध्ये नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना ठरवल्या, तेव्हा तुला जास्त अभ्यास करावा लागेल. पण आयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, जिथं बघशील तिथं शिकलेला नर्स लागतोच. पुढं एम.एस्सी. करून शिकवताही येतं.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, वय 17 पूर्ण हवं, आणि खुल्या वर्गाला साधारण 45 टक्के लागतात. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, तिथं आर्ट्सची मुलंही जातात. तू बी.एस्सी.च कर, पुढच्या वाटा सोप्या होतात. बांबोळीला सरकारी इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन आहे, पहिला अर्ज तिथं. यंदाचं माहितीपत्रक स्वतः वाच, कुणाच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस. खासगी कॉलेज बघायची वेळ आली तर विद्यापीठाची संलग्नता आणि राज्य नर्सिंग कौन्सिलची मान्यता, दोन्ही कागद मागून बघ. कौन्सिलची नोंदणी नसेल तर पदवी नुसती भिंतीवर राहते. आणि मुलांना बाळंतपणाचा विषय नसतो असं कुणी सांगेल, ते खोटं. तोही शिकायचा असतो.

प्रवेश मिळायच्या आधी एक काम उरकून घे. हेपॅटायटिस बी लसीचे किती डोस झालेत ते आईकडून जुनं कार्ड काढून बघ. झाले नसतील तर आता सुरू कर. पहिल्यानंतर दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो, आणि सुई टोचायचा धोका पहिल्या वर्षापासूनच आहे.

तुझी,
मावशी