पहिल्या डावावरून 'अ‍ॅग्रिकोला'ची पारख करू नये

नाशिक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा कॉलेज रोडवरच्या बैठकीत 'अ‍ॅग्रिकोला' या शेतीवरच्या पटावरील खेळाचा डाव संपला तेव्हा "हा खेळ आहे की शिक्षा?" असे तू विचारलेस. अन्न कमी पडल्याने भिक्षेची दोन कार्डे घेऊन सहा गुण गमावलेल्याला तसे वाटणारच. पण उवे रोझेनबर्ग यांच्या २००७ सालच्या या खेळात टंचाई जाणूनबुजून पेरलेली आहे आणि पहिल्या डावात ती नुसती बोचते. तिची रचना कळण्यासाठी त्याच भिडूंबरोबर पुनःपुन्हा बसावे लागते.

सुगीचेच, म्हणजे कुटुंबाला जेवू घालण्याच्या वेळेचेच घे. १४ फेऱ्यांत ६ सुग्या येतात, त्या ४, ७, ९, ११, १३ आणि १४ या फेऱ्यांच्या शेवटी; म्हणजे अंतर आक्रसत जाते आणि नेमके तेव्हाच, माणशी दोन अन्न मागणारे कुटुंब वाढलेले असते. निफाडचा द्राक्ष बागायतदार छाटणीपासून दिवस मोजतो, तसे तुला पुढच्या सुगीपासून मागे मोजता आले पाहिजे, आणि ते नियमपत्रिका पाठ करून येत नाही.

दुसरी गोष्ट लव्हाळ्यांची. लाकूड मुख्य जागेवर दर फेरीला तीन नग साठते, लव्हाळे मात्र एकच. लाकडी खोलीला पाच लाकडे आणि दोन लव्हाळी लागतात, आणि खेळाच्या बऱ्याच उशिरापर्यंत रिकामी खोली असल्याशिवाय घरात मूल येत नाही. नवखा लाकडाच्या ढिगावर झडप घालतो आणि लव्हाळ्यांपायी अडून बसतो, तूही तेच केलेस. एका जागी फेरीत एकच माणूस जाऊ शकत असल्याने, हे उमगले की तुझी नजर आपोआप समोरच्याच्या अंगणाकडे वळेल: त्याच्याकडे लाकडे पुरेशी आहेत, लव्हाळे एकच आहे, तर तो पहिली चाल कोठे करील, आणि ती जागा अडवण्यात आपला फायदा आहे की त्याला तेथे गुंतवून साचलेली मेंढरे उचलण्यात? माझ्या मते खेळाची खरी गोडी येथे आहे.

व्यवसायांची व लहान सुधारणांची कार्डे तूर्त पेटीतच राहू देत. त्यांच्या मोहात मूळ पट दिसेनासा होतो. हमखास जिंकण्याचे तयार डावपेचही इतक्यात वाचू नकोस.

रविवारी त्याच तिघांना घेऊन ये, नवा भिडू नको. पहिल्या चालीचा मान तुला मिळेल, असे मात्र गृहीत धरू नकोस.

तुझा,
काका