चटणी आवडली म्हणणारं गिऱ्हाईक परत का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजारामपुरीत चटणीचा छोटा गाळा आहे (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतात). तीन वर्षं झाली, चव सगळ्यांना आवडते, 'परत येतो' म्हणून लोक जातात आणि बरेचसे येत नाहीत. आता नवीन पाकीट, दर रविवारी सूट आणि नऊ पाकिटांवर दहावं फुकट असं कार्ड, तिन्ही करायचा विचार आहे. माणूस शिकतो कसा आणि त्याला आठवतं कसं, हे पाहिलं तर यातलं काय चालेल?

ताई, नवीन पाकीट आधी थांबवा. कार्ड चालेल, पण थोडं बदलून. रविवारची सूट अजिबात नको. कारणं सांगतो, पण त्याआधी तुमची चटणी घरी गेल्यावर तिचं काय होतं ते बघू, कारण खरी गळती तिथं आहे.

घरी गेल्यावर पाकीट कात्रीने कापलं जातं. चटणी बरणीत ओतली जाते, दाबून बसवली जाते, वर हिंगाचा खडा ठेवला जातो, झाकण घट्ट लागतं. रिकामं पाकीट कचऱ्यात. त्या क्षणी तुमचं नाव त्या घरातून गेलं. पुढे महिनाभर रोज तुमची चटणी आमटीत पडते, पण ती 'आपली चटणी' म्हणून. मग एक दिवस चमचा बरणीच्या तळाला लागतो. बाई घरातल्या कुणाला तरी सांगते, 'येताना अर्धा किलो चटणी आण', आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल ती आणतो.

त्या बाईला तुमची चटणी आवडली नव्हती असं नाही, आणि ती तुम्हाला विसरली असंही नाही. नाव डोक्यात आहे, फक्त गरजेच्या क्षणी वर येत नाही. १९६६ साली टुल्विंग आणि पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी हाच फरक प्रयोगातून दाखवला. लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या, प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या गटातला. नुसतं 'आठवेल ते लिहा' म्हटल्यावर बरेच शब्द सुटले. गटांची नावं समोर ठेवल्यावर सुटलेले शब्द भराभर आठवले. म्हणजे शब्द होतेच, खूण नव्हती. तुमचं दुखणं नेमकं हेच आहे. चमचा बरणीच्या तळाला लागतो तेव्हा बाईच्या नजरेसमोर तुमची खूण नाही.

म्हणून पहिला खर्च पाकिटावर नको, बरणीवर करा. दोन इंच बाय तीन इंचाचं, तेलकट हात लागला तरी न सुटणारं स्टिकर छापा. त्यावर दुकानाचं नाव, फोन नंबर आणि 'कांडप तारीख' असं लिहून पुढे मोकळी जागा. ती तारीख काउंटरवर तुमच्या हाताने मार्करने लिहा. हे महत्त्वाचं आहे. नुसतं जाहिरातीचं स्टिकर कुणी बरणीला लावत नाही. चटणी कधीची आहे हे मात्र प्रत्येक बाईला हवं असतं, त्यामुळे तारखेचं स्टिकर लावलं जातं. देताना 'झाकणावर लावा' असं तोंडाने सांगा. बरणीची बाजू फडताळात भिंतीकडे फिरते, झाकणावर मात्र रोज हात पडतो.

आता आठवण करून देण्याची वेळ. विसरणं कसं चालतं हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच मोजलं. निरर्थक अक्षरं पाठ करायची, काही काळाने पुन्हा पाठ करायची आणि दुसऱ्या वेळी किती मेहनत वाचली ते बघायचं. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के मेहनत वाचली, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. मसाल्याच्या नावाला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण उतार तसाच असतो: आधी कडा, मग पठार. बहुतेक दुकानदार महिन्याने पहिला मेसेज टाकतात. तोवर जायचं ते गेलेलं असतं.

पहिला मेसेज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाका आणि त्यात प्रश्न विचारा: 'चटणी कशात वापरली? तिखटाला किती चमचे लागली?' माणसाला काही पुन्हा सांगण्यापेक्षा त्याला ते स्वतः आठवायला लावलं की जास्त पक्कं बसतं. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे दाखवलं आहे. दुसरा मेसेज बरणी संपायच्या थोडं आधी. चार माणसांच्या घरात रोज १५ ते २० ग्रॅम चटणी लागते असं धरलं तर अर्धा किलो २५ ते ३३ दिवस पुरते, म्हणजे बाविसाव्या दिवसाच्या आसपास. हा माझा ढोबळ हिशोब आहे. तुम्ही आपल्या दहा घरांना विचारून तुमचा आकडा काढा.

या दोनांच्या मध्ये काही पाठवू नका. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणाऱ्या दुकानाचा आवाज लोक बंद करून टाकतात. ज्या इशाऱ्यामागून काहीच येत नाही, त्याकडे लक्ष न देणंही माणूस शिकतोच. मग बाविसाव्या दिवसाचा कामाचा मेसेजही वाचला जात नाही. बरणी भरलेली असताना गेलेला मेसेज तर फुकटच.

वर्षाची चटणी करून ठेवणारी घरं वेगळी. त्यांची वेळ चैत्र-वैशाखातली. मिरच्या बाजारात आल्या आणि डंकावर (मसाला कांडायच्या गिरणीवर) नंबर लागायला लागले की त्यांचं ठरून गेलेलं असतं. त्यांना महाशिवरात्रीनंतर लगेच एकदा कळवा, पुढे वर्षभर सणासुदीपुरतं.

आता चवीचं. इथं तुमचा फायदाही आहे आणि धोकाही. चटणी वापरणारी बाई मापून टाकत नाही. तिच्या हाताने माप शिकलेलं असतं: एवढ्या रश्शाला दोन चमचे. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेला आणि २०१० मध्ये छापलेला एक अभ्यास आहे. रोजची एखादी कृती विचार न करता व्हायला किती दिवस लागतात हे त्यात पाहिलं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कुणाला १८ लागले तर कुणाला २५० च्या वर जातील असा अंदाज निघाला. तुमच्या भाषेत ६६ दिवस म्हणजे अर्धा किलोची दोन-अडीच पाकिटं. म्हणून पहिली तीन पाकिटं तंतोतंत एकसारखी असायला हवीत. एकदा हात बसला की दुसरी चटणी आणल्यावर भाजी बिघडते आणि ती बाई स्वतःहून तुमच्याकडे वळते. पण बसलेल्या हाताला तुमच्याच दुसऱ्या खेपेने धक्का दिला तर? ब्याडगी मिरची जरा जास्त पडली, संकेश्वरी मिरची कमी, की रंग गडद आणि तिखट हलकं. आपण लोक रंगावरून तिखटाचा अंदाज बांधायला शिकलेलो असतो. अंदाज फसला की दोष स्वतःच्या हाताला कुणी देत नाही, चटणीला देतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक खेपेतली १०० ग्रॅम चटणी हवाबंद बाटलीत, तारीख घालून, फ्रीजमध्ये ठेवा. नवीन खेप विकायला काढण्याआधी दोन्हींचा एकेक सपाट चमचा समान पाण्यात, समान मिठात उकळा आणि दोन माणसांना न सांगता चाखायला द्या. फरक ओळखू आला तर मिरचीचं प्रमाण हलवा.

आणि खवटपणा, बुरशी. यावर थोडं जास्त बोलतो, कारण इथं गेलेलं गिऱ्हाईक कुठल्याही मेसेजने परत येत नाही. एरवी शिकायला पुनरावृत्ती लागते, पण खाऊन त्रास झाला तर माणूस एकाच वेळेत शिकतो. जॉन गार्सिया यांनी १९६६ च्या सुमारास उंदरांवर दाखवलं की चव घेतल्यावर बऱ्याच वेळाने मळमळ झाली तरी ती चव नकोशी होते, आणि दोष ताटातल्या नवीन चवीला जातो. म्हणजे पोट बिघडलं शिळ्या मटणाने, तरी बोल लागणार तुमच्या नव्या चटणीला. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढं आहे: कांदा चुरचुरीत होईपर्यंत वाळवून मगच तळायचा, कारण आत ओल राहिली की बुरशी येते. खोबरं घेताना चाखून घ्यायचं, एक खवट वाटी सगळी खेप बिघडवते. डंकावरून आलेली चटणी गरम असते, ती पसरून पूर्ण गार झाल्याशिवाय पाकिटात भरायची नाही. गरम भरली की वाफ आत धरते, गोळे होतात, आणि पहिलं पाकीट उघडतानाच नाक मुरडलं जातं. नवीन गिऱ्हाईकाला किलो गळ्यात मारू नका. १०० ग्रॅम द्या म्हणजे ते ताजं असतानाच संपेल.

काउंटरवर चव देता ना? तिथं क्रम तपासा. साधारणपणे भाकरीचा तुकडा, त्यावर तेल घातलेली चटणी हातात देतात, माणूस खातो, 'वा' म्हणतो, मग आपण नाव सांगतो. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांपासून ठाऊक असलेली गोष्ट अशी की इशारा आधी आणि खाणं नंतर आलं तरच दोन्हींची गाठ नीट बसते. उलट क्रमाने ती फार कच्ची बसते. म्हणून आधी नाव उच्चारा, पाकीट दाखवा, मग तुकडा द्या.

नाव तीन-चार अक्षरांत बोलता येईल असं हवं. मॉलमध्ये माणूस फडताळावरचा रंग ओळखून पाकीट उचलतो. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात त्याला काउंटरच्या अलीकडून मागावं लागतं. नाव लांबलचक असेल तर तो नुसतं 'चटणी द्या' म्हणतो, आणि मग दुकानदाराचा हात त्याच्या मर्जीच्या मालाकडे जातो.

नावात 'कोल्हापुरी' असेल तर तो शब्द ओळख म्हणून मोजू नका. लाल पाकीट, मिरचीचं चित्र आणि 'कोल्हापुरी' हे शंभर जणांकडे आहे, त्यामुळे तुमच्या चटणीने दिलेला आनंद सगळ्या गटाच्या खात्यात जमा होतो. चपलेचं तेच झालं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात रेक्झिनची जोडीही त्याच नावाने खपते. तुमची अशी एकच वेगळी खूण धरा, एखादा रंग किंवा चिन्ह, आणि स्टिकर, पाकीट, पाटी, बिल सगळीकडे तीच ठेवा. नाव एखाद्या प्रसंगाला बांधा. 'उत्तम दर्जाची चटणी' हे वाक्य कुणाच्याही घरात कधी घडत नाही. रविवारी सकाळी मटण शिजायला लागतं, तांबडा रस्सा करायचा असतो, हे दर आठवड्याला घडतं. छोट्या नावाला जोडून 'रविवारच्या तांबड्याची चटणी' म्हणा, म्हणजे मटणाची पिशवीच तुमची आठवण करून देईल.

पाकीट का बदलू नका? जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्याच्या रसाचं खोकं बदललं. स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढलं, रसाचा ग्लास आणला. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं खोकं परत आणावं लागलं. लोकांच्या डोळ्यांनी तीन वर्षांत तुमचं जे काही शिकलं आहे ते पुसू नका. छपाई सुधारायचीच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला.

रविवारच्या सवलतीतून लोक एकच शिकतील: सोमवार ते शनिवार घ्यायचं नाही. शिवाय सवलतीची किंमत हीच खरी किंमत म्हणून डोक्यात बसते. त्यापेक्षा भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते तसं कधीमधी, न सांगता, तिळाच्या चटणीची पुडी वर टाका. कधी मिळेल ते ठाऊक नसलेल्या बक्षिसाने लागलेली सवय उशिरा सुटते.

कार्ड ठेवा, पण दहा चौकोनांचं काढून बारा चौकोनांचं करा आणि पहिले दोन शिक्के आधीच मारून द्या. न्यूनेस आणि ड्रेझ या संशोधकांच्या २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात मोटारी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली होती. निम्मी आठ शिक्क्यांची कोरी, निम्मी दहाची पण दोन आधीच मारलेली. दोन्हीकडे आठच खेपा लागत होत्या. कोरी कार्डं १९ टक्के लोकांनी भरली, दुसरी ३४ टक्क्यांनी. फुकट पाकीट मिळाल्यावर माणूस ढिला पडतो, तेव्हा नवीन शिक्केदार कार्ड त्याच वेळी हातात ठेवा.

हे सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आधी फक्त स्टिकर. एक वही घ्या: बिल नंबर, फोन, तारीख, वजन. विषम नंबरच्या बिलाला स्टिकर द्या, समला नको, दोन्हीकडे शंभर-शंभर नवीन गिऱ्हाईकं होईपर्यंत. शेवटच्या गिऱ्हाईकानंतर तीन महिने थांबून दोन्ही बाजूंची परत आलेली नावं मोजा. फरक दोन-चार जणांचा असेल तर तो योगायोगही असू शकतो. पंधरा-वीस जणांचा असेल तर पुढच्या पाच हजार स्टिकरांची ऑर्डर द्या आणि मग कार्डाला हात घाला.