सल्ला मागितला, पण नकाराची सोय आहे का?

या वेळी डेटा आणि एआयबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. मी तंत्रज्ञ नाही. या विषयाशी माझी गाठ पडली ती वैद्यकीय संशोधनाच्या एका एथिक्स कमिटीमुळे. तिथे मी ‘सामान्य सदस्य’ म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकील नाही, अशा माणसासाठी ठेवलेली खुर्ची. माझं मुख्य काम संमतीपत्रं वाचणं आणि ‘हे वाक्य कुणाला कळणार आहे?’ असं विचारून इतरांना वैताग आणणं. उत्तरं त्या खुर्चीवरूनच देते आहे.

प्रश्न: माझा डेटा माझा. ‘मान्य आहे’ मी दाबलं, तर त्यात समाजाला किंवा वस्तीला विचारायचा प्रश्न येतोच कुठे?

उत्तर: येतो, कारण तुमचा डेटा एकट्या तुमच्याबद्दल बोलत नाही. तुमच्या जनुकांतून तुमच्या भावंडांची माहिती मिळते. तुमच्या फोनमध्ये इतरांचे नंबर असतात. तुमच्या भागातले बरेच जण हप्ते थकवतात, असं डेटावरून अंदाज बांधणाऱ्या एखाद्या संगणकीय मॉडेलला दिसलं की वेळेवर हप्ता भरणाऱ्या शेजाऱ्याचाही कर्जाचा अर्ज मागे पडतो. त्या बिचाऱ्यानं कुठलंच बटण दाबलेलं नसतं.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण मोठं. १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी या लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. हे मधुमेहाच्या अभ्यासासाठी आहे, अशी लोकांची समजूत. संमतीपत्रावर मात्र ‘वर्तनविषयक आणि वैद्यकीय विकारांची कारणं’ असा ऐसपैस मजकूर होता. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा, जमातीतल्या अंतःप्रजननाचा (जवळच्या नात्यात मुलं होण्याचा) आणि जमात मुळात कुठून आली याचाही अभ्यास झाला. आपला उगम त्याच दरीत झाला असं ही माणसं मानतात. शोधनिबंध सांगत होते, तुमचे पूर्वज आशियातून आले. हे सगळं जमातीला कळलं २००३ मध्ये, तेही जमातीतली एक बाई विद्यापीठात पीएचडीच्या एका सादरीकरणाला जाऊन बसली म्हणून. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर, आणि उरलेलं रक्त परत.

सही प्रत्येकानं आपापली केली होती. वेडाचा आणि अंतःप्रजननाचा शिक्का बसला तो मात्र सगळ्या जमातीवर, सही न केलेल्यांवरही. एकेकट्याची संमती इथेच अपुरी पडते. आमच्या कमिटीपुढे येणाऱ्या कागदांत ‘आणि भविष्यातील संशोधनासाठी’ हे शब्द हमखास असतात. हल्ली त्याला ‘व एआय प्रशिक्षणासाठी’ अशी शेपटी लागू लागली आहे. मी त्यावर लाल पेन फिरवते.

प्रश्न: आमच्या बोलीच्या आवाजाचे नमुने आम्ही काही जणांनी हौसेनं गोळा केले. आता एक कंपनी ते विकत मागते आहे. द्यावेत का?

उत्तर: घाई करू नका. न्यूझीलंडमध्ये ‘ते हिकू मीडिया’ नावाची, तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांची प्रसारण संस्था आहे. २०१८ मध्ये त्यांनी लोकांना माओरी वाक्यं वाचून पाठवायचं आवाहन केलं आणि दहा दिवसांत तीनशे तासांहून जास्त ध्वनिमुद्रण जमलं. त्यावर त्यांनी माओरी बोलणं ओळखणारी प्रणाली स्वतःच उभी केली. बाहेरच्या कंपन्यांनी डेटा मागितला तेव्हा त्यांनी दिला नाही. त्यांचा परवाना सांगतो की संस्था या डेटाची मालक नाही, राखणदार आहे. वापर करायचा तर तो माओरी लोकांच्या हिताचा असला पाहिजे. लोकांनी आवाज दिला तो याच भरवशावर, असं मला वाटतं.

तुमच्याकडे नमुने आहेत, पण ते विकण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? हे टोचेल, पण ज्यांनी आवाज दिला त्यांच्याकडे परत जावं लागेल. जाताना कराराचा मसुदा घेऊन जा: कशासाठी वापरणार, किती काळ, पुढे तिसऱ्याला देणार का, आणि तयार होणारं साधन बोली बोलणाऱ्यांना कोणत्या अटीवर मिळणार. एक गोष्ट त्यांना स्पष्ट सांगा. फाइल मागे घेता येते. मॉडेल एकदा त्या आवाजावर शिकलं की त्यातून तो आवाज खात्रीनं वेगळा काढायची सोपी रीत आज नाही. त्यामुळे ‘नंतर नको वाटलं तर काढून टाकू’ हे आश्वासन कुणी दिलं, तर ते लेखी मागा आणि कसं काढणार तेही विचारा.

प्रश्न: आमच्या नगरपालिकेनं अनुदानाचे ‘संशयास्पद’ अर्ज ओळखणाऱ्या एआय प्रणालीवर नागरिकांची बैठक ठेवली आहे. जाऊन काही उपयोग?

उत्तर: जा, आणि पहिला प्रश्न हा विचारा: खरेदीचा करार झाला आहे का? झाला असेल तर ती सल्लामसलत नाही, उद्घाटन आहे.

लोकसहभाग या शब्दाचा पसारा अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्येच उलगडला. त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं, मत विचारणं, एखाद-दोघांना समितीत घेऊन शांत करणं, या मधल्या पायऱ्यांना त्यांनी देखावा ठरवलं. खरी सत्ता त्याच्या वर सुरू होते. तुमची बैठक कुठल्या पायरीवर आहे ते दुसऱ्या प्रश्नातून कळेल: आम्ही ‘नको’ म्हटलं तर काय होईल? ‘तुमच्या भावना नोंदवून घेऊ’ असं उत्तर आलं, की समजा.

अमेरिकेतल्या ओकलंड शहरात २०१६ पासून खासगीपणा सल्लागार आयोग आहे. पाळत ठेवणारं तंत्रज्ञान घ्यायचं तर शहराच्या खात्याला आधी तिथे, मग नगर परिषदेपुढे जाहीर सुनावणीत जावं लागतं. आयोग फक्त शिफारस करतो, तरीही हा क्रम मला मोलाचा वाटतो: आधी प्रश्न, मग पैसे. नेदरलँड्समध्ये उलटं झालं. अनुदानातला गैरव्यवहार हुडकण्यासाठी सरकारी खात्यांचा डेटा जोडणारी ‘सिरी’ (SyRI) प्रणाली आधी आली. तिचा रोख गरीब वस्त्यांवर, आणि आपली अशी छाननी होतेय हे तिथल्या माणसांना ठाऊकच नाही. शेवटी नागरी संघटना आणि एफएनव्ही ही कामगार संघटना कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयानं त्या प्रणालीचा कायदेशीर पाया खासगी जीवनाच्या हक्काविरुद्ध ठरवला. जिंकले, पण कोर्टाची पायरी चढून. बैठकीत ही गोष्ट सांगा. अधिकाऱ्यांना खर्चाची भाषा लवकर समजते.

आणि हो, चुकून संशयित ठरलेल्या माणसानं दाद कुणाकडे मागायची, त्या माणसाचं पद इतिवृत्तात लिहून घ्या.

प्रश्न: ‘समाजाची संमती’ म्हणजे शेवटी चार पुढाऱ्यांचीच ना? बायकांना, तरुणांना कोण विचारतं?

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, आणि हे कोडं पूर्ण सुटलं आहे असं मी म्हणणार नाही. पुढारी सगळ्यांच्या वतीनं होकार विकून मोकळे होऊ शकतात. म्हणून मी एक साधा नियम धरते: दोन कुलपं असावीत. समाजानं ‘नाही’ म्हटलं तर प्रकल्प थांबतो. समाजानं ‘हो’ म्हटलं तरी एखाद्या बाईचं ‘नाही’ तिच्यापुरतं शाबूत राहतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या आदिवासी लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. तिच्यात संशोधनाचा प्रस्ताव आधी सान समाजाच्या संस्थेपुढे आणायचा असं आहे. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समाजांनी तर डेटासाठी १९९८ मध्येच मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. त्यातलं ताबा हे मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. डेटा प्रत्यक्ष कुणाच्या सर्व्हरवर आहे, ते पाहा. बाकीच्या गोष्टी पुष्कळदा तिथेच ठरतात.

प्रश्न: सामान्य माणसाला एआयमधलं काय कळतं?

उत्तर: मला औषधशास्त्रातलं जेवढं कळतं तेवढं. तरीही संमतीपत्रातली लबाडी दिसते. २०२४ मध्ये तैवानच्या डिजिटल मंत्रालयानं २ लाख मोबाइल नंबरांवर संदेश पाठवले. तयार झालेल्यांतून वय, लिंग, प्रदेश यांचा तोल पाहून साडेचारशेच्या आसपास माणसं निवडली, आणि खोट्या ऑनलाइन मजकुराचं काय करायचं यावर त्यांना छोट्या गटांत बोलायला बसवलं. तज्ज्ञ उत्तरं द्यायला होते. त्याच वर्षीच्या फसवणूकविरोधी कायद्यानं जाहिरातदाराची ओळख तपासण्याची जबाबदारी ऑनलाइन कंपन्यांवर टाकली.

प्रश्न: अशा बैठकांना येणाऱ्या रहिवाशांना मानधन द्यावं का?

उत्तर: द्यावं. सल्लागार कंपनीचा माणूस त्याच टेबलाशी पगारी वेळेत बसलेला असतो.